बंपरवरची विंच आणि नदीतली मोटर

माझ्या जीपच्या पुढच्या बंपरवर एक विंच बसवलेली आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विजेच्या मोटरवर फिरणारा एक लोखंडी रीळ, त्यावर गुंडाळलेली पोलादी तार आणि तारेच्या टोकाला हूक. हूक अडकवायचा, हातातल्या वायरवाल्या रिमोटचं बटण दाबायचं, की समोर जे काही असेल ते आपल्याकडं चालत येतं. चिखलात रुतलेला टेंपो येतो, ओढ्यात कलंडलेली ट्रॉली येते. एकदा उसानं भरलेली ट्रॉली ओढताना तिच्याबरोबर खालचा बांधसुद्धा हातभर सरकला, आणि त्या बांधावरनं दोन भावांची कोर्टात चाललेली जुनी केस त्याच संध्याकाळी मिटली. पन्हाळाही जरा जवळ ओढून घ्यावा असं मनात होतं. पण मग आमच्या दारात सहलीच्या गाड्या लागतील म्हणून तो विचार सोडून दिला.

हे सगळं विंच चालते तेव्हाचं. न चालणारी विंच म्हणजे जावयापेक्षा जड. पुढची स्प्रिंग बसते, डिझेल जास्त जातं, गल्लीत वळताना शेजाऱ्याच्या तुळशीला बंपर लागतो, आणि एवढं सोसून ऐन वेळी ती नुसती ‘टक’ म्हणते. या ‘टक’नं माझा ऑगस्टमधला एक अख्खा दिवस खाल्ला. तो दिवस आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

मी राहतो कोल्हापुरात. दुकान इथं, रान गावाकडं पंचगंगेच्या काठाला. आमच्या बांधाला लागून आण्णांचं रान. जैन शेतकऱ्याचं जुनं घर. आण्णा वयानं माझ्या वडिलांएवढे आणि आवाजानं वडिलांच्या दुप्पट. नदीच्या उतारावर त्यांची पाणी उपसायची मोटर असते. चार घरांची शेती त्या एका मोटरीवर चालते, आणि चारी घरांनी मिळून तिची काळजी आण्णांच्या गळ्यात बांधलेली. पावसाळ्यात नदी चढायला लागली की काठावरच्या सगळ्या मोटरी वर ओढून घ्याव्या लागतात. मोटर पाण्यात बुडाली तर आतली वायर नव्यानं भरावी लागते. पुरानंतर मोटरी भरायच्या दुकानांपुढं अशी रांग लागते की आपला नंबर येईपर्यंत रानातलं पीक वाळून सरपण होतं.

त्या वर्षी आण्णांनीही मोटर जूनमध्येच काढली होती. पण मध्ये पावसानं दडी मारली, भाताची रोपं पिवळी पडायला लागली, म्हणून परत खाली सोडली. सोडताना मला म्हणाले, “ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवतो. ऐन टायमाला गावत न्हाय त्यो.”

मी म्हटलं, “आण्णा, ट्रॅक्टर कशाला? माझी विंच हाय की! तुम्ही चहाचा कप तोंडाला लावा. खाली ठेवायच्या आत मोटर वर.”

आण्णांनी ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगितलं. पुढचं सगळं एवढ्यावरनं घडलं.

मग धरणाचे दरवाजे उघडले. बंधाऱ्याच्या पातळीचे मेसेज मोबाईलवर लग्नसराईतल्या आमंत्रणांसारखे येऊन पडायला लागले, आणि सकाळी आण्णांचा फोन आला. फोन कसला, खिडकी उघडी असती तर नुसता आवाजही पोचला असता.

“मर्दा, पाणी चढाय लागलंय. मोटरीखाली पुरुषभर ऱ्हायलंय. तुझं ते रहाट घिऊन ये.”

रहाट! परदेशी बनावटीच्या, उंटालासुद्धा उचलेल अशा यंत्राला रहाट! पण गेलो. काठावर वरच्या सपाटीला जीप लावली, चाकांमागं दगड घातले. आण्णांनी स्टार्टरचे फ्यूज आधीच काढून ठेवले होते. मी विंचचा खटका सोडून रीळ मोकळा केला, तार ओढत चिखलातनं खाली उतरलो, मोटरीच्या लोखंडी चौकटीला हूक घातला, वर आलो, खटका लावला, तार ताणून घेतली. सगळं पुस्तकाप्रमाणं. वर बघतो तर आण्णा खरंच चहाचा कप हातात घेऊन उभे.

मी बटण दाबलं.

टक.

परत दाबलं. टक. रीळ जागचा हलेना. आण्णांनी एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं, दुसरा घेतला.

“चहा सपला,” म्हणाले.

आता मला सांगा, मी काही हयगय केली होती का? दर महिन्याला मी ती तार सगळी उलगडून, पुसून, तेलाचं बोट फिरवून, नवऱ्या मुलीची वेणी घालावी तशी एकाशेजारी एक वेढे बसवून परत गुंडाळायचो. गिअरला ग्रीस. हुकाला ग्रीस. घरात तर म्हणायचे की पोरांच्या डोक्याला एवढं तेल लागलं नाही. आणि ती बया ऐन पुरात मला ‘टक’ म्हणते.

उचगावात माझा एक वायरमन मित्र आहे. मोटरी भरायचं दुकान आहे त्याचं. गडी कामाला बरा, पण आत्मविश्वास असा की आकाशातली वीजसुद्धा याला विचारून पडत असावी. त्याला फोन लावला.

“फोन विंचजवळ धर आणि बटण दाब,” तो म्हणाला.

धरला. दाबलं. टक.

“बॅटरी मेली, भावा. शंभर टक्के.”

“अरे, हेडलाईट लावलाय. पलीकडच्या काठावरच्या म्हशी डोळं मिटून घ्यायला लागल्यात.”

“हेडलाईटला किती करंट लागतोय? विंच बोकडासारखा करंट खाती. बॅटरी बदल.”

आण्णांच्या घरच्या पिकअपची बॅटरी काढली. ती उचलून चिखलातनं आणताना मी दोनदा पडलो आणि बॅटरीला लेकरागत छातीशी धरलं. जोडली, इंजिन चालू ठेवलं, बटण दाबलं. टक.

“मग अर्थिंग. शंभर टक्के.”

विंचची काळी वायर चासीला जिथं आवळलेली होती तिथला नट सोडला, रंग खरवडला, गंज खरवडला, लोखंड आरशासारखं केलं. त्यात माझं तोंड दिसलं, ते बघण्यासारखं नव्हतं. परत आवळलं. टक.

“विंचच्या मोटरीतलं कार्बन अडकल्यात. मोटरला हातोडीनं हळू ठोक. शंभर टक्के.”

हळू ठोकलं. मग जरा जोरात ठोकलं. खरं सांगायचं तर शेवटचे दोन तडाखे दुरुस्तीचे नव्हते. बटण दाबलं तर आता काहीच नाही. तेवढा एक ‘टक’ शिल्लक होता, तोही गेला.

इकडं पाणी गप्प बसलं नव्हतं. बायका कपडे आपटतात तो मोठा दगड मी आलो तेव्हा कोरडा होता. आता त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. आण्णांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. तो दुसऱ्या काठावर कुणाच्या तरी मोटरी काढत होता. “तुमीच नगं म्हटलासा की आण्णा,” असं म्हणाला आणि ठेवला. चारी घरांतले गडी जमले, मोटरीला दोर बांधून ओढायला लागले. काळा चिखल, गुडघाभर. दोर ताणला की मोटर जागेवर आणि माणसंच खाली घसरत जायची. तिसऱ्या हिसड्याला सगळी रांग एकमेकांवर पडली.

आण्णा मला म्हणाले, “तुझ्या त्या रहाटाला बैल लावू का? दोन हाईत गोठ्यात.”

मी रिमोटचा प्लग उगाच पुसायला लागलो. 

“न्हाय, मला म्हायतीसाठी सांग. मोटर बुडली तर ह्या चार घरांस्नी मी काय सांगू? रहाट टक म्हणालं म्हणून सांगू?”

शेवटी वायरमन स्वतः आला. रेनकोट घालून, पिशवी गळ्यात, पावसात मोटरसायकल मारत. उतरल्या उतरल्या त्यानं पहिल्यांदा रिमोटचा प्लग दाबला. माझ्या ठोकाठोकीनं तो निसटला होता. टक परत आला. मला तर नातलग भेटल्यासारखं झालं.

“आता ह्यो डबा उघडायचा,” तो म्हणाला.

विंचच्या वर एक चपटा काळा डबा असतो. रिमोटचं बटण दाबलं की त्या डब्यातला छोटा लोहचुंबक खटका खाली ओढतो, त्याचा तो टक. खटक्यानं दोन तांब्याचे तुकडे एकमेकांना भिडतात आणि बॅटरीची सगळी ताकद मोटरीत शिरते. मी तार पुसली, हूक पुसला, पण तो डबा कधी उघडला नव्हता. वर ठळक लिहिलंय ना, उघडू नये म्हणून!

झाकण निघालं आणि वास आला. खवट, आंबूस. आत शेंडीचे तंतू, कुंकवाचा वाळलेला लगदा, एका कोपऱ्यात खोबऱ्याचा तुकडा आणि सगळ्यावर चिकट पिवळा थर. तांब्याचे तुकडे हिरवेगार. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर ते कळकतं ना, अगदी तसे कळकलेले.

वायरमननं खोबऱ्याचा तुकडा चिमटीत उचलून बघितला. “भावा,” म्हणाला, “ह्यो सोलेनाईडचा डबा हाय का देव्हारा?”

आता हे कसं झालं ते सांगतो. आमच्याकडं तोंडानं आभार मानायची पद्धत नाही. ‘थँक्यू’ म्हटलं तर समोरचा विचारतो, बरं हाय न्हवं? तुम्ही कुणाची गाडी चिखलातनं काढलीत, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन येतो. तुम्हाला द्यायला नव्हे. ज्या यंत्रानं काम केलं त्याला फोडायला. आणि फोडायचा कुठं, तर बंपरवर बरोबर कमरेच्या उंचीला येणारी, कडक कडा असलेली एकच जागा: हा डबा. एका तडाख्यात दोन भकलं, आणि पाण्याची धार थेंबही बाहेर न सांडता श्रद्धेनं डब्यावर. डब्यात वायरी जायला भोक आहेच. त्यात खंडेनवमीला तर अख्खी गल्ली नारळ घेऊन. एका पावण्याला मी म्हटलंही होतं, जरा बाजूला दगडावर फोडा की. तो म्हणाला, “व्हय, आणि कोप झाला म्हंजे?” चार वर्षं आमच्या घरात खोबऱ्याची चटणी विकत आणलेल्या नारळाची झाली नव्हती. अभिमानानं सांगायचो मी हे लोकांना!

“अडाणी लोकं,” वायरमन खरवडत म्हणाला. “मशिनरीवर नारळ फोडत्यात व्हय कुठं? जरा तरी अक्कल?”

आण्णा वरनं म्हणाले, “गेल्या खंडेनवमीला तू बी फोडलातास की. मी हुतो की तितं.”

वायरमनचा हात थांबला. “मी? ह्याच्यावर?”

“शंभर टक्के,” आण्णा म्हणाले.

त्यानं विळा मागून घेतला. विळ्याच्या टोकानं तांबं खरवडून लालभडक केलं. डब्यातलं सगळं काढून पुसलं आणि वाळवायला इंजिनच्या गरम अंगावर ठेवलं. पावसाचा थेंब पडू नये म्हणून आण्णा स्वतःच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची खोळ काढून त्यावर धरून उभे राहिले. त्यांच्या टोपीतनं पाण्याची धार नाकावर येत होती, पण खोळ हलली नाही. मी म्हटलं, “आण्णा, मी धरतो.” तर म्हणाले, “तू बटण धर. तेवढंच जमतंय तुला.”

वायरी परत जोडल्या. नट आवळले. सगळे गडी बाजूला झाले, कारण ताणलेली पोलादी तार तुटली तर समोरच्याचे पाय घेऊन जाते. तारेवर एक ओली गोणी टाकली, तुटली तर उसळू नये म्हणून. मी बटण दाबलं.

टक झालं, आणि पाठोपाठ गुर्र! विंच फिरली! मी तर असा ओरडलो की झाडावरचे बगळे थेट जयसिंगपूरला जाऊन बसले असतील.

पण फिरली ती उलटी. ताणलेली तार सैल पडली आणि तिच्या आधारानं धरलेली मोटर सुळकन खाली घसरली. चौकटीच्या घसरपट्ट्या पाण्यात गेल्या, मोटरीच्या पोटाला लाट लागली.

“आरं सोड! सोड! बुडीवतोय की रं तिला!” आण्णा ओरडले. आधी नुसता मोठा होता तो आवाज. आता तो फाटला होता. इतक्या वर्षांत मी आण्णांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

मी बटण सोडलं. 

“डब्यातल्या वायरी उलट्या लागल्या,” वायरमन म्हणाला. “काय न्हाय, आता बाहेर सोडायचं बटण दाब म्हंजे आत यील.”

“नक्की?” मी विचारलं.

पहिल्यांदाच तो नुसतं “दाब” म्हणाला, टक्केवारी सांगितली नाही.

दाबलं. तार कडाडली, गोणी हिंदकळली, आणि मोटर चिखलातनं चुंबनासारखा आवाज काढत वर निघाली. वीतभर. हातभर. मग रीळ मंदावला, इंजिन गुरगुरलं, हेडलाईट मिणमिणले.

“थांबव,” वायरमन म्हणाला. विंचच्या मोटरीवर हात ठेवला आणि झटकन काढला. “तवा झालाय. भाकरी टाकली तर फुगंल. गार होऊ दे.”

हा तिचा अजून एक नखरा. जोराचं ओढणं झालं की तिला विसावा लागतो. मिनिटभर काम, मग मेहुण्यासारखी पडून राहणार. आणि पाण्याला विसावा नाही. आम्ही हातभर ओढायचो, थांबायचो, तोवर पाणी वीतभर मागं यायचं. मधेच तार रिळाच्या एकाच बाजूला ढीग होऊन बसली, ती सैल करून, हातमोजे घालून वेढे सारखे करावे लागले. मग कप्पी काढली. ती मोटरीच्या चौकटीला अडकवली, तार तिच्यातनं फिरवली आणि हूक वर आणून करंजाच्या झाडाला बांधला. त्यानं जोर दुप्पट होतो, पण वेग निम्मा.

आण्णा बघत राहिले. “हे वडतंय का माप घेतंय?”

तेवढ्यात काकू, आण्णांच्या कारभारीण, डबा घेऊन काठावर आल्या. आण्णांच्या घरात चातुर्मासात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि सकाळच्या त्या चहाशिवाय आण्णांच्या पोटात काही नव्हतं. आभाळ तर सकाळपासनं तव्याच्या बुडासारखं. दिवस किती उरलाय ते कुणालाच कळेना.

“आवो, दोन घास खाऊन घ्या की. दिवस जाईल.”

“ती वर आल्याबिगर न्हाय.”

“मग उपाशी ऱ्हाशीला.”

“ऱ्हातो.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं. डब्यावर पदर धरून तिथंच दगडावर टेकल्या. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आता माझ्या त्या रिमोटवर चार घरांची मोटर होती आणि वर आण्णांचं जेवण. मी दाबायचो, थांबायचो, विंचवर हात ठेवायचो, भाजून घ्यायचो, परत दाबायचो. तिला मी त्या दुपारी जे बोललो ते कागदावर उतरलं तर कागद पेट घेईल. गोड बोललो, लाडानं बोललो, भंगारवाल्याचं नाव काढलं. ती आपली तिच्या मर्जीनं.

शेवटचा चढ उभा होता. तिथं चौकट दगडाला अडली. दोघांनी पहार घालून तिला उचकटली, मी बटण दाबून धरलं, वायरमन ओरडत होता “बास, बास, जळंल,” आणि मी सोडलं नाही. जळाली तर जळू दे म्हटलं. चौकट दगडावरनं चढली, डोलली आणि सपाटीवर येऊन बसली. खाली ती जिथं सकाळी उभी होती तिथं आता नुसता भोवरा फिरत होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गडी जिथं होते तिथंच चिखलात बसले. आण्णांनी मोटरीभोवती फेरी मारली, पंख्याच्या जाळीत बोट घालून पंखा फिरवून बघितला. फिरला. मग आभाळाकडं तोंड करून काकूंना म्हणाले, “हाय अजून दिवस. आण.” आणि उभ्या उभ्या, हात धुऊन, भाकरीचा पहिला तुकडा मोडला.

ते खात असतानाच खालच्या गावचा कुणी पावणा मोटरसायकलवरनं आला. पाणी कुठवर आलंय ते बघत निघाला असावा. त्यानं मोटर बघितली, जीप बघितली, विंच बघितली.

“ह्यानं काढली व्हय?”

“ह्यानंच,” आण्णा घास चावत म्हणाले.

“किती येळ लागला?”

मी मान खाली घातली. आता आण्णा बोलणार, आणि उद्या दोन तालुक्यांत माझी वरात निघणार. वायरमननं तर पिशवी आवरायला घेतली.

“येळ?” आण्णा म्हणाले. “बटण दाबलं, आली की वर. मीच म्हटलं, जरा दमानं घे, तार तुटंल.”

कधी तोंडातनं खोटा शब्द न काढलेला माणूस! आणि पहिलंच खोटं इतकं मोठं, की मी माझ्या उभ्या हयातीत असं ठोकलं नव्हतं. मी वर बघितलं, तर ते भाकरीकडं बघत होते.

पावण्याचे डोळे चमकले. “आमची बी ऱ्हायलीया खाली. जरा यील का ह्यो?”

मी तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं होतं. पण आण्णांनी मधेच मोडता घातला. “यील की. न यायला काय झालं? पाणी पिऊ दे त्याला तेवढं.”

पावसाच्या भुरभुरीत विंचमधनं वाफा निघत होत्या. रिमोटची वायर मी गुंडाळत आणली होती. मुकाट्यानं परत सोडवायला लागलो.